बत्तीस राहिले

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे आठ अंगांतून दोन वजा धरावीत. राहिलेली सहा तुमच्या पायांशी आहेत.)

तुमची सर्दी कशी आहे? मागे फोनवर बोललात तेव्हा आवाज पार बसलेला होता. मी क्षणभर ओळखलाच नाही (म्हणजे ओळखला, पण दुसऱ्या कुणाचा म्हणून, ते असो). रोज झोपताना वाफ घ्या, गार पाणी पिऊ नका, आणि जरा बरं वाटलं की औषध बंद करायची तुमची जी सवय आहे ती या वेळी तरी सोडा. धाकट्या नातीचा पडलेला दात आला का? थोरल्याची परीक्षा कशी गेली हे मी विचारत नाही, कारण मागच्या वेळी विचारलं तेव्हा तुम्ही विषय बदललात. माझं सगळं उत्तम आहे. जेवते, झोपते, वाचते. लायब्ररीतून आठवड्याला दोन पुस्तकं आणते आणि त्यातलं एक मुद्दाम उशिरा परत करते, म्हणजे लायब्ररीवाली बाई फोन करते. (हे गमतीनं लिहिलं.)

तुमच्या पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, ह्यांचा डार्टचा बोर्ड तुमच्या मुलाला हवा आहे, त्याच्या पोरांना खेळायला. दुसरी, तुमच्या घरातली मागची खोली रिकामीच पडली आहे, तेव्हा मी इथलं सगळं आवरावं आणि कायमचं तिकडे राहायला यावं. एकटीनं राहून काय भिंतींशी बोलणार आहेस, असं तुम्ही लिहिलंत. त्यावर मी एका ओळीचं कार्ड टाकलं, की लीग संपली की कळवते. तुम्हाला वाटलं असेल, ही टाळते आहे. तसं नाही. खरं कारण आज सांगते, रागावू नका. जायचं की राहायचं हे मला ठरवता येईना, म्हणून ते मी शिंप्यावर सोपवलं. शिंपी यंदा लीग जिंकला तर मी इथंच राहायचं. हरला तर तुमची मागची खोली.

शिंपी म्हणजे कपडे शिवणारा नव्हे. तो डार्ट खेळणारा आहे, तोच त्याचा धंदा. त्याचं खरं नाव टीव्हीवर मोठ्या अक्षरांत येतं, पण ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याला शिंपी म्हटलं आणि आमच्या घरात तेच चालू राहिलं. डार्ट सोडायच्या आधी तो डावा डोळा बारीक करतो, ओठ मुडपतो आणि हात असा पुढे नेतो की जणू सुईत दोरा ओवतोय. वय पन्नाशीच्या पुढे, पोट सुटलेलं, सदरा नेहमी एका बाजूनं बाहेर आलेला. आणि ऐन वेळी दोरा नेमका नेढ्याच्या बाजूनं जायचा. मी बघतेय त्या एकोणीस वर्षांत त्यानं लीग एकदाही जिंकलेली नाही. ह्यांना जिंकणारी माणसं फारशी आवडायची नाहीत. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला. म्हणायचे, काट्याला मध्यावर यायला किती वेळ लागतो ते मला विचारा, हाही येईल.

तुम्ही या खेळाला 'भिंतीला टोचण्या मारणं' म्हणता, ते वरवर पाहता बरोबर आहे. पण त्यात वजाबाकी असते. प्रत्येकाकडे सुरुवातीला पाचशे एक गुण असतात. एका पाळीला तीन डार्ट मारायचे, जितके गुण पडतील तितके त्यातून कमी करायचे. जो आधी शून्यावर येईल त्यानं तो डाव जिंकला. मेख अशी की शेवटचा डार्ट बोर्डाच्या कडेच्या बारीक पट्टीतच बसावा लागतो (तिला डबल म्हणतात, तिथं गुण दुप्पट धरतात) आणि बरोबर शून्यच यावं लागतं, कमी नाही, जास्त नाही. लीगमध्ये आठ जण असतात. चार महिने दर गुरुवारी संध्याकाळी सातला सामने, दर आठवड्याला शहर वेगळं. शेवटी वरचे चार जण एका रविवारी दुपारी एकत्र येतात आणि तिथं काय तो निकाल लागतो.

आमच्या घरात ही वजाबाकी माझ्याकडे होती. आमच्या जुन्या टीव्हीचं चित्र खालून चार बोटं काळं पडलेलं होतं आणि गुणांचा आकडा नेमका त्या काळ्यात बुडायचा. म्हणून हे विचारायचे, किती राहिले? आणि मी सांगायची. माझी शाळा सातवीत सुटली हे तुम्हाला माहीत आहेच. पुढचं वाचन मी लाँड्रीच्या काउंटरवर बसून केलं, धुतलेले कपडे गुंडाळायच्या रद्दी पेपरांवर (त्यामुळे कित्येक बातम्यांचा शेवट मला आजही माहीत नाही), आणि वजाबाकी शिकले ती गिऱ्हाइकांच्या हरवलेल्या मोज्यांवर. आमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, एवढ्या हुशार भावाला शेवटी लाँड्रीवाली मिळाली. मी ते मनात ठेवलेलं नाही. फक्त आठवतं.

हे गेल्यावर पाचव्या आठवड्यात लीग सुरू झाली. मी सातच्या आधी सगळं आवरलं, टीव्ही लावला आणि माझ्या खुर्चीवर बसले. शिंप्यानं पहिल्याच पाळीत एकशे चाळीस मारले. मी म्हणाले, "तीनशे एकसष्ट." मग लक्षात आलं की कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही म्हणाल, मग त्यात काय एवढं. पण आकडा एकदा तोंडातून बाहेर पडला की तो कुणीतरी घ्यावा लागतो, नाही तर तो तसाच खोलीत लोंबकळत राहतो आणि तेवढ्यात पुढचा येतो. त्या संध्याकाळी माझ्या खोलीत इतके आकडे साठले की मी खिडकी उघडली. (हेही गमतीनं.) दुसऱ्या दिवशी ठरवलं, की कुणाला तरी शेजारी बसवायचं.

वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंना बोलावलं. त्या आल्या आनंदानं, पण एक गोष्ट मी आधी सांगायला विसरले होते. डार्ट बघायला येणारे लोक सामना चालू असताना गातात. चार-पाच हजार माणसं आणि एकाचा सूर दुसऱ्याला लागेल तर शपथ. बाईंनी त्यांचा पहिला गुरुवार कानांवर हात ठेवून काढला. दुसऱ्या गुरुवारी त्यांना राहवेना. त्या टीव्हीसमोर उभ्या राहून त्या पाच हजारांना हातानं ताल देऊ लागल्या, त्यामुळे मला पूर्ण तीन डाव शिंप्याचे फक्त बूट दिसले. तिसऱ्या गुरुवारी म्हणाल्या, "तुम्ही मध्येच तो आकडा म्हणता ना, तो समेवर येत नाही." मी म्हटलं, बाई, आकडा शिंप्याच्या हातात आहे, मी समेवर कसा आणू? त्या म्हणाल्या, "मग निदान हळू म्हणा." मी हळू म्हणून पाहिला. ह्यांना शेवटची काही वर्षं कमी ऐकू यायचं, त्यामुळे मला ओरडूनच सांगायची सवय. हळू म्हटलेला आकडा माझा मलाच खरा वाटेना. चौथ्या गुरुवारी बाईंना नवी शिकवणी लागली. वार गुरुवार, वेळ सात. मी खोलात शिरले नाही.

मग खालच्या चष्मेवाल्याला बोलावलं. माणूस भला, साडेसहाला दुकान बंद करतो. त्याला खेळाशी काही देणंघेणं नव्हतं, पण आठांपैकी तिघांना चष्मा होता, तेवढ्यावर तो येत राहिला. लोहार म्हणून एक तरणाबांड खेळाडू आहे (हेही नाव ह्यांचंच, डार्ट असा हाणतो की बोर्डावर घण पडतोय). त्याला बघून चष्मेवाला अस्वस्थ व्हायचा. "फ्रेम चुकीची आहे याची. नाकावर घसरतेय बघा. आणून द्या मला, दोन मिनिटांत बसवून देतो." मी म्हटलं, घसरू दे, तो शिंप्याच्या पुढे आहे. असे दोन गुरुवार बरे गेले. सातव्या गुरुवारी शिंप्यानं पाळी संपवली, मी आकडा म्हटला, आणि चष्मेवाला जरा चाचरत म्हणाला, "वहिनी, एक विचारू का? आकडा खाली लिहिलेला येतो की. एवढा मोठा. तुमचा नंबर वाढलाय का?" दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुकानात बसवून दोन्ही डोळे तपासले. नंबर होता तोच निघाला. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, काचा पुसून दिल्या आणि पुढच्या गुरुवारपासून दुकान नऊपर्यंत उघडं ठेवायला लागला.

त्याला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. आमच्याकडे नवा टीव्ही आला त्याला नऊ वर्षं झाली. चित्र काठोकाठ, आकडा कोपऱ्यात ढळढळीत, जिन्यातून वाचता येईल असा. नव्या टीव्हीच्या पहिल्या गुरुवारी शिंप्याची पाळी संपली, आकडा बदलला. तो ह्यांना दिसला. मलाही दिसला. मग हे म्हणाले, "किती राहिले?" मी म्हणाले, "दोनशे छप्पन्न." हे म्हणाले, "अस्सं." आणि मग नऊ वर्षं तसंच चाललं. त्याविषयी आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. वन्सं, आमच्यात फार बोलणं नव्हतंच, तुम्ही पाहिलं आहे. तुम्ही एकदा म्हणालाही होतात, की तुमच्या घरात पाहुण्याला घड्याळ ऐकू येतं. पण दर गुरुवारी हे शंभर वेळा तरी विचारायचे आणि मी शंभर वेळा सांगायची. तुमच्या ओळखीत एवढं बोलणारी नवरा-बायको किती आहेत ते मोजून मला कळवा.

असो. आठव्या गुरुवारपासून मी आणि शिंपी दोघंच उरलो. त्याचं काही खरं नव्हतं. पहिल्या दोन महिन्यांत तो आठांत सातवा होता आणि मी तुमच्या मागच्या खोलीत माझं कपाट कुठं बसेल याचा विचार करायला लागले होते (खिडकीखाली बसणार नाही, दार उघडताना अडेल). मग काय झालं कोण जाणे, त्याचा दोरा ओवला जायला लागला. अकराव्या गुरुवारी सहावा, चौदाव्याला पाचवा, आणि सोळाव्या, म्हणजे शेवटच्या गुरुवारी, एका गुणानं चौथा. वरच्या चारांत आला. मी उठून जिन्यात गेले, की कुणाला तरी सांगावं. वरून गाण्याचा आवाज येत होता, खाली दुकानात गिऱ्हाईक होतं. जिन्यातल्या दिव्याचं बटण दोनदा लावून बंद करून परत आले.

शेवटचा रविवार यंदा आमच्याच शहरात होता आणि त्याची तिकिटं ह्यांनी वर्षभर आधीच काढून ठेवली होती. नव्या टीव्हीच्या वॉरंटीच्या पाकिटात होती. दोन, शेजारशेजारची. दुसऱ्या जागेचं काय करायचं यावर मी एक आठवडा घालवला. गाण्याच्या बाईंनी विचारलं, तिथं ते लोक समोरासमोर गातात का, आणि मी हो म्हणताच त्यांचा घसा धरला. चष्मेवाल्याचं शिबिर होतं. तुम्हाला विचारायचं अगदी मनात होतं, पण शिंपी जिंकला की तुमची खोली रिकामी राहणार, तेव्हा तुम्हालाच शेजारी बसवून मी त्याच्यासाठी हात जोडत बसणं चांगलं दिसलं नसतं. शेवटी एकटीच निघाले. ह्यांची छत्री बरोबर घेतली आणि त्यांच्या जागेवर ठेवली.

आता त्या सभागृहाचं वर्णन. डार्टला लोक सोंगं घेऊन येतात. टीव्हीवर पाहिलं होतं, पण मला वाटायचं तीच दहा-वीस माणसं दर शहरात हिंडतात. तसं नाही. सगळेच येतात. माझ्या पुढच्या रांगेत सहा केळी बसली होती, मागं दोन पोस्टाच्या पेट्या, आणि छत्री सोडून दुसऱ्या बाजूला एक जिराफ. मी माझ्या रोजच्या कपड्यांत: राखाडी शाल, ह्यांचा मफलर, चष्म्याला दोरी, हातात पिशवी. एका केळ्यानं मागं वळून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणालं, "आजी एक नंबर जमलीय. पिशवीपर्यंत विचार केलाय." दुसरं केळं म्हणालं, विग कुठून आणला? मी सांगायला गेले की हे असंच आहे, पण गाण्यात ऐकू जाईना, आणि ती सगळी माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती की मी शेवटी शाल जरा नीट केली. मग एक बाई येऊन शालीला आकड्याची चिठ्ठी टोचून गेली. मला वाटलं, जागेचा नंबर असेल. जिराफ तेवढा सभ्य होता. त्यानं छत्रीकडे बोट करून विचारलं, "तिचं तिकीट आहे?" मी पर्समधून काढून दाखवलं. तो म्हणाला, "मग बसू दे," आणि त्यानंतर त्या जागेवर कुणी चिवडा-चहा ठेवायला लागलं की तोच त्यांना हटकायचा.

शिंप्यानं पहिला सामना आरामात जिंकला. शेवटचा लोहाराशी. जो आधी अकरा डाव घेईल त्याची लीग. मी तुम्हाला एकेक डाव सांगत नाही (लिहून ठेवले आहेत, हवे असतील तर सांगा), पण दहा-दहा झाले. एकच डाव राहिला. शिंप्याचे शहाऐंशी राहिले होते, हातात तीन डार्ट. लोहाराचे चाळीस, म्हणजे त्याची पाळी आली की संपलंच. शिंप्यानं डोळा बारीक केला, ओठ मुडपले आणि पहिलाच डार्ट असा लावला की एका फटक्यात चौपन्न गेले. आणि वन्सं, ती पाच हजार माणसं, जी दुपारपासून एक क्षण गप्प बसली नव्हती, ती गप्प झाली. केळीसुद्धा.

त्याच वेळी जिराफाचं डोकं घसरून त्याच्या डोळ्यांवर आलं. बिचारा दोन्ही हातांनी ते वर ढकलत होता, समोरचं काही दिसेना, म्हणून तो हलक्या आवाजात म्हणाला, "किती राहिले?"

चार महिने कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "बत्तीस." म्हणजे म्हणाले असं मी आता लिहिते, ह्यांना ऐकू जावं म्हणून जसं म्हणायची तसं म्हणाले. ते छतापर्यंत गेलं आणि परत आलं. शिंप्याचा हात अर्ध्यात थांबला. त्यानं मान वळवून अंधारात आमच्या रांगेकडे पाहिलं. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, पंचानं शांत राहा म्हणून सांगितलं. शिंप्यानं पुन्हा डोळा बारीक केला. बत्तीस म्हणजे डबल सोळा. दुसरा डार्ट तारेच्या बाहेर, केसाच्या अंतरानं. तिसरा तारेच्या आत. सोळा राहिले. मग लोहार आला, चष्मा नाकावर ढकलला, आणि एकाच डार्टात चाळीस संपवून मोकळा झाला.

मी छत्री घेऊन बाहेर पडणार होते, पण पोस्टाच्या पेट्यांनी वाट अडवली. माझ्या चिठ्ठीचा आकडा पुकारला होता. सोंगांच्या स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. प्रमाणपत्रावर छापलं होतं, 'वेष: एकटी आजी'. बक्षीस म्हणजे स्पंजाचा हिरवा पंजा, माझ्या निम्म्या उंचीचा. आणि ते देणार कोण, तर हरलेला खेळाडू. तशी त्यांच्याकडे पद्धत आहे म्हणे. त्यामुळे एकोणीस वर्षांनी मी शिंप्यासमोर उभी राहिले. टीव्हीत दिसतो त्यापेक्षा बुटका आहे. अंगठ्याला चिकटपट्टी होती आणि तोंडाला खोकल्याच्या गोळीचा वास येत होता. त्यानं पंजा पुढे केला, पण मला तो घेववेना. मी म्हणाले, "ते बत्तीस मी म्हणाले होते. आणि हे सोंग नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं म्हणालात. किती राहिले ते माझ्या ध्यानातच नव्हतं."

वन्सं, त्याच्या नाकासमोर, बोर्डाच्या शेजारी, हातभर उंचीचे लाल आकडे होते. ते त्याला दिसत होते. मलाही दिसत होते. मी म्हणाले, "अस्सं," आणि पंजा घेतला.

घरी बसनं आले. गर्दी नव्हती, त्यामुळे एका बाजूला छत्री आणि दुसऱ्या बाजूला पंजा असे आम्ही ऐसपैस बसून आलो. कंडक्टरनं विचारलं, किती जण? मी एक म्हणाले.

तर निकाल हा असा आहे. शिंपी हरला, आणि मी शब्दाची पक्की आहे. मागची खोली झाडून ठेवा. कपाट विकून टाकते, पुस्तकं लायब्ररीला देते, आणि उद्यापासून सामान बांधायला घेते. बोर्ड पहिला बांधते, म्हणजे तुमच्या मुलाला वाट बघायला नको. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या गालाला हात.

तुमची,
लाँड्रीवाली भावजय

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी बोर्ड काढायला घेतला. तुम्हाला ठाऊक नसेल, हे रोज जेवणाआधी दहा मिनिटं खेळायचे आणि फार वाईट खेळायचे. बोर्ड उतरवला तर भिंतीवर तेवढंच गोल स्वच्छ पांढरं, आणि भोवती भोकंच भोकं, पार दाराच्या चौकटीपर्यंत. (एक भोक छताजवळ आहे. ते कसं पडलं असेल यावर मी अर्धा तास विचार केला.) अशी भिंत उघडी टाकून कसं निघायचं. बोर्ड पुन्हा टांगला आहे. पोरांसाठी त्याऐवजी हिरवा पंजा पाठवते आहे. त्यानं घरातलं काही फुटत नाही.

आणखी एक. रात्रभर विचार केला. पैज मी लावली आणि ऐन सामन्यात लुडबूडही मीच केली. अशा वेळी सामना रद्द धरतात, नियमांच्या पुस्तकात तसं नसलं तरी असायला हवं. तेव्हा खोली झाडली असेल तर त्रासाबद्दल माफ करा. मी येत नाही. ह्यांची खुर्ची तुमच्या मागच्या खोलीत बसेल, पण टीव्हीसमोर दोन खुर्च्या तिथं बसणार नाहीत, मी मनात मापून पाहिलं.

शेवटचं, आणि खरं म्हणजे एवढ्याचसाठी लिहायला बसले होते. पुढची लीग सुरू व्हायला आठ महिने आहेत, पण तोवर जुने सामने दाखवतात, गुरुवारीच, सातला. तुम्ही त्या वेळी मला फोन कराल का? बोलायचं काही नाही. तुम्हाला खेळ बघायचा नाही, आकड्यांत रस घ्यायचा नाही, तुमचं काय ते निवडणं-टिपणं चालू ठेवा. फक्त मधूनमधून 'किती राहिले' एवढं विचारायचं. मी सांगेन. 'अस्सं' म्हणालात तर फारच छान, पण आग्रह नाही. चष्मेवाल्याला सांगता आलं असतं, गाण्याच्या बाईही म्हणाल्या असत्या, पण आवाज तुम्हा भावंडांचा एकच आहे, आणि घसा बसला की तुमचा तर हुबेहूब. वर सर्दीविषयी जे लिहिलं आहे, वाफ आणि औषध वगैरे, त्याची एवढी घाई नाही. गुरुवार झाल्यावर घेतलं तरी चालेल.